४.४ चं भोक, चार तारा आणि हेडफोनमधलं ‘बॅलन्स्ड’ म्हणजे नक्की काय

हल्ली फोनला इअरफोन जोडायच्या अगदी बेताच्या किमतीच्या यूएसबी डाँगललाही दोन भोकं असतात, एक आपलं नेहमीचं ३.५ मिलिमीटरचं आणि शेजारी ते जाडजूड ४.४ चं, ज्याला ‘बॅलन्स्ड’ म्हणतात, आणि एकदा ते दुसरं दिसलं की माणसाला चैन पडत नाही. इअरफोनची केबल बदलायची, ४.४ वाली मागवायची, लावायची आणि पहिल्याच गाण्याला ‘अरे बापरे, काय फरक आहे!’ फरक पडतो हे खरं आहे, त्यात कुणी खोटं बोलत नाही. पण तो कुठून येतो याचं जे स्पष्टीकरण सगळीकडे फिरतं, की बॅलन्स्ड केबलने नॉइज जातो, चॅनल वेगळे होतात, स्टेज (ऐकताना वाद्यं डोक्याभोवती जेवढी पसरलेली वाटतात ते) उघडतो वगैरे, त्यातलं बरंचसं अर्धवट आहे आणि काही तर साफ चुकीचं. फायदा जो काही आहे तो जवळपास सगळा अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) आहे, केबलमध्ये नाही. हे कसं ते जरा सावकाश बघू, कारण हे कळलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा ते आपोआप कळतं.

आधी कार्यक्रमाच्या स्टेजवरचं बॅलन्स्ड. गणपतीत किंवा ऑर्केस्ट्राला साउंडवाल्यांच्या पेटीत माइकच्या जाड काळ्या केबल असतात, टोकाला तीन पिनांचा धातूचा कनेक्टर, कॅटलॉगात त्याला एक्सएलआर म्हणतात आणि साउंडवाले ‘कॅनन’ म्हणतात. ती अस्सल बॅलन्स्ड केबल. आत दोन तारा आणि वरून शील्ड, एका तारेवर सिग्नल सरळ, दुसरीवर तोच उलटा. केबल तीस-चाळीस मीटर पळते, शेजारून जनरेटरची वायर, लाइटवाल्याच्या डिमरची वायर, या सगळ्यांची घरघर दोन्ही तारांवर सारखीच चढते. पलीकडे मिक्सर एका तारेतून दुसरी वजा करतो, घरघर दोन्हीकडे सारखी म्हणून वजाबाकीत उडते आणि सिग्नल उलटसुलट म्हणून उरतो. तिथे याला पर्याय नाही, कारण माइकचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, आणि मिक्सर तो हजार पट मोठा करणार म्हणजे सोबत घरघरही हजार पट.

आता हेडफोनकडे या. केबल एक-सव्वा मीटर. आणि मुख्य म्हणजे केबलच्या पुढे सिग्नल मोठा करणारं काही नाहीच, अँप मागे राहिला, पुढे फक्त ड्रायव्हर, म्हणजे कानाजवळचा छोटा स्पीकर. शिवाय चांगल्या अँपचा आउटपुट इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) एखाद-दुसऱ्या ओहमचा, त्यामुळे बाहेरून काही तारेवर चढायला आलंच तर तिथेच जिरतं. म्हणून शांत खोलीत इअरफोनमध्ये जो बारीक ‘स्सss’ ऐकू येतो तो अँपच्या पोटातला असतो, केबलने रस्त्यात गोळा केलेला नाही. बॅलन्स्ड केबलने नॉइज कमी होतो हे वाक्य माइकसाठी शंभर टक्के खरं, हेडफोनसाठी निकालात काढायला हरकत नाही.

मग उरतं काय? एक तारांची संख्या आणि दुसरं अँपची संख्या. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र कालवतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

तारांचं आधी. ३.५ च्या साध्या स्टिरिओ जॅकवर तीन संपर्क असतात, टोकाला डावा, मधल्या रिंगवर उजवा, आणि मागच्या लांब भागावर दोघांचा मिळून एक ग्राउंड. म्हणजे डाव्या ड्रायव्हरमधून आणि उजव्या ड्रायव्हरमधून परत येणारा करंट एकाच वाटेने जातो. जुन्या बिल्डिंगमध्ये दोन घरांच्या मोऱ्या एकाच पाइपला जोडलेल्या असतात ना, शेजाऱ्यांनी बादली ओतली की आपल्या मोरीत पाणी वर येतं, तसलाच प्रकार. त्या कॉमन वाटेला थोडा जरी रेझिस्टन्स असला तरी डाव्याच्या करंटमुळे तिथे बारीकसं व्होल्टेज तयार होतं आणि ते उजव्याला ‘ऐकू येतं’. याला क्रॉसटॉक म्हणतात. बॅलन्स्ड केबलमध्ये दोघांची परतीची वाट वेगळी, म्हणून तारा चार, आणि ही कॉमन वाटच उरत नाही.

किती? हिशोब सोपा आहे, कॉमन रेझिस्टन्स भागिले हेडफोनचा इम्पिडन्स. समजा केबल स्वस्तातली आहे, २६ गेजची तांब्याची तार, आणि ग्राउंड जॅकपासून पार गळ्याजवळच्या फाट्यापर्यंत एकच. मीटरला साधारण ०.१३ ओहम, सव्वा मीटरला ०.१६ धरा. ३२ ओहमच्या इअरफोनला ही गळती येते उणे ४६ डीबी (उणे आकडा जितका मोठा तितकी गळती कमी). तीच तार ३०० ओहमच्या हेडफोनला लावली तर उणे ६५. आणि केबल जर जरा बरी असेल, म्हणजे डाव्या-उजव्याचे ग्राउंड जॅकपर्यंत वेगवेगळे आणून फक्त जॅकमध्ये जोडलेले असतील (आयईएमच्या, म्हणजे कानात आत जाणाऱ्या इअरफोनच्या, बदलता येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये चार तारा आधीपासूनच असतात), तर कॉमन भाग उरतो तो जॅकच्या संपर्काचा, ०.०२ ओहम धरला तर ३२ ओहमलाही उणे ६४ डीबी. तुलनेला सांगतो, रेकॉर्ड प्लेअरच्या पिनमध्ये डाव्या-उजव्याचं सेपरेशन साधारण २० ते ३० डीबी असतं, आणि विनाइलचा स्टेज किती मोकळा यावर लोक तासन् तास बोलतात. स्पीकरवर ऐकताना तर दोन्ही स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतात.

यात अजून एक गंमत आहे जी फारसं कुणी सांगत नाही. ही गळती उलट्या फेजमध्ये असते. डाव्याचा आवाज उजवीकडे जातो तो उलटा होऊन. म्हणजे काय होतं, जे दोन्हीकडे सारखं आहे (गायक, बेस, किक ड्रम) ते किंचित दबतं आणि जे फक्त एका बाजूला आहे ते तसंच राहतं. थोडक्यात कॉमन ग्राउंडमुळे स्टेज आकसत नाही, झालाच तर केसभर रुंद होतो! याची टोकाची आवृत्ती तुम्ही नक्की ऐकली असेल. जॅक अर्धवट घातला किंवा ग्राउंडची तार तुटली की गाणं चालू राहतं, तबला-व्हायोलिन-रिव्हर्ब सगळं पोकळ पोकळ ऐकू येतं आणि गायक गायब. तेव्हा ग्राउंडची वाट बंद झालेली असते, दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक सिरीजमध्ये लागतात आणि डावा वजा उजवा एवढंच उरतं. मधोमध असलेला गायक त्या वजाबाकीत उडतो. कॉमन ग्राउंड पूर्ण खराब झाला की असं होतं, थोडासा खराब असला की याचाच हजारावा हिस्सा होतो. तेव्हा ‘बॅलन्स्ड केली आणि गळती थांबल्यामुळे स्टेज रुंद झाला’ हे गणितात बसत नाही, रुंद वाटण्याचं कारण दुसरंच आहे, त्याकडे येतोच.

बरं, ग्राउंड वेगळे हवेच असतील तर त्यासाठी बॅलन्स्ड अँपच लागतो असंही नाही. अमेरिकेतल्या बेंचमार्क कंपनीचा एचपीए४ नावाचा महागडा हेडफोन अँप आहे, त्याला चार पिनांचं एक्सएलआर सॉकेट आहे, लोक ते बघून बॅलन्स्ड समजतात, पण आतून तो सिंगल-एंडेडच, म्हणजे साध्या ३.५ सारखाच आहे. चार पिना फक्त एवढ्यासाठी की डाव्या आणि उजव्याचा परतीचा मार्ग वेगळा राहावा आणि कनेक्टर मजबूत असावा. कंपनीचं म्हणणं सरळ आहे, की एकाच अँपमधून हवी तेवढी पॉवर आणि स्वच्छ आवाज मिळतोय, मग प्रत्येक बाजूला दोन-दोन कशाला लावायचे. मला हा युक्तिवाद पटतो, निदान टेबलावरच्या अँपसाठी तरी.

आता खरा मुद्दा, अँप. सिंगल-एंडेडमध्ये ड्रायव्हरचं एक टोक ग्राउंडला बांधलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला अँप वर-खाली करतो. बॅलन्स्डमध्ये दोन्ही टोकांना एकेक अँप. एक टोक अधिक २ व्होल्टला गेलं की दुसरं उणे २ ला, ड्रायव्हरला दिसतो तो दोघांतला फरक म्हणजे ४. व्होल्टेज दुप्पट, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते म्हणून चौपट, अर्थात अँपकडे तेवढा करंट द्यायची ताकद असेल तर. २ व्होल्टला ३२ ओहममध्ये १२५ मिलिवॉट, ४ व्होल्टला ५०० मिलिवॉट.

ही काही हेडफोनवाल्यांनी शोधलेली युक्ती नाही. कारमधल्या स्टिरिओत हेच चालतं. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास असतात, साधा अँप त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला कसाबसा साडेसहा वॉट देईल, तोच ब्रिज करून दोन्ही टोकांनी ढकलला की २६ च्या आसपास. म्हणून तर कार स्टिरिओच्या कागदावर लिहिलेलं असतं की स्पीकरची मायनस वायर बॉडीला जोडू नका, ती मायनस नसतेच मुळी, तिच्यामागेही अँप बसलेला असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे अडॅप्टरच्या वेळी उपयोगी पडेल.

डाँगलचीही अडचण कारसारखीच. फोनमधून मिळतात यूएसबीचे ५ व्होल्ट, जागा बोटाएवढी, मोठा पॉवर सप्लाय घालायला जागा कुठे आणि बॅटरी कोण जाळणार. मग कमी व्होल्टेजमधून जास्त काढायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे ब्रिज. त्यात डॅक चिपचं (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारी चिप) आउटपुट बहुधा मुळातच सरळ-उलटं अशा जोडीने येतं, म्हणजे निम्मं काम झालेलंच असतं. मूनड्रॉपच्या डॉन प्रोमध्ये सीएस४३१३१ नावाच्या दोन चिप्स आहेत, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ३.५ ला २ व्होल्ट आणि ४.४ ला ४ व्होल्ट. अशा डाँगलमध्ये ४.४ चं भोक हे खरोखर ‘जास्त ताकदीचं भोक’ असतं, त्यात काही भोंदूगिरी नाही. पण ताकद आली ती दुसऱ्या अँपने, चार तारांच्या वेणीने नव्हे.

आणि इथेच तो ‘अरे बापरे’ सापडतो. फोनचा व्हॉल्यूम तिथेच ठेवून तुम्ही ३.५ मधून काढून ४.४ मध्ये घातलंत तर आवाज ६ डीबीने वाढतो. ६ डीबी म्हणजे स्पष्ट, चांगलाच मोठा. आणि माणसाच्या कानाची खोड अशी की थोडं मोठं वाजलं की ते ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं, बेस भरीव, बारीक गोष्टी पुढे, हवा मोकळी. स्टेज रुंद वाटण्याचं बहुतेक वेळचं कारण हे.

तर मग ही ताकद आपल्याला लागते का? हे पूर्णपणे हेडफोनवर आहे. सेनहायझरचा एचडी ६५० घ्या, २००३ पासूनचा, ३०० ओहम, ‘याला अँप लागतोच’ म्हणून प्रसिद्ध. त्याच्या कागदावर १ व्होल्टला १०३ डीबी असं लिहिलंय. आपण आरामात ऐकतो तेव्हा सरासरी ७५-८० डीबी असते, गाण्यातले क्षणिक उंच भाग त्याच्या वर पंधरा-वीस डीबी, म्हणजे ९०-१००. हे १ व्होल्टमध्येच बसलं की. २ व्होल्टच्या ३.५ मधून १०९ निघतात. म्हणजे ज्या हेडफोनच्या नावाने सगळे बॅलन्स्ड घ्यायला धावतात त्यालाही बऱ्या डाँगलचं साधं भोक पुरतं. अपवाद एक, इक्वलायझर वापरणारे. बेस ६ डीबी वाढवायचा तर क्लिपिंग (आवाज फाटणं) टाळायला आधी सगळा आवाज ६ डीबी खाली आणावा लागतो, तिथे ती जास्तीची ताकद कामाला येते. शास्त्रीय संगीताची जुनी रेकॉर्डिंग खूप हळू आवाजात असतात, तिथेही.

याच्या दुसऱ्या टोकाला हायफायमॅनचा एचई-६. ५० ओहम, पण १ मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डीबी. यातून ११० डीबीचे झटके काढायचे तर साधारण ४५० मिलिवॉट आणि पावणेपाच व्होल्ट लागतात. इथे फोन, डाँगल वगैरे विसरा. पण इथेही गंमत बघा, जेडीएस लॅब्सचा अ‍ॅटम अँप नुसता सिंगल-एंडेड असून ३२ ओहमला १ वॉट देतो. भिंतीतल्या वीजेवर चालणाऱ्या अँपला ब्रिज न करताही ताकद परवडते.

आणि आयईएम? त्यांना यातलं काहीच लागत नाही. बऱ्याच आयईएमना १ मिलिवॉट म्हणजे कान बधिर करायला पुरे. उलट ४ व्होल्टच्या भोकात घातले की फोनचा व्हॉल्यूम दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच जास्त होतो (अँड्रॉइडला साधारण पंधराच पायऱ्या), मधलं काही मिळत नाही, आणि दोन अँपचा मिळून ‘स्सss’ही थोडा वाढतो. शिवाय बॅलन्स्डमध्ये आउटपुट इम्पिडन्सही दुप्पट होतो, दोन अँप सिरीजमध्ये ना. एका अँपचा १ ओहम असेल तर बॅलन्स्डचा २. हेडफोनला याने काही होत नाही, पण अनेक बॅलन्स्ड आर्मेचर असलेल्या आयईएमचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीनुसार खाली-वर नाचतो (हे ‘बॅलन्स्ड’ वेगळं, ड्रायव्हरच्या बनावटीतलं, केबलशी संबंध नाही). एखाद्याचा तो ८ ते ४० ओहममध्ये फिरत असेल तर १ ओहमवर ०.८ डीबीचा फरक पडतो आणि २ ओहमवर दीड डीबीचा. दीड डीबी ऐकू येतो. म्हणजे काही आयईएमचा सूर ४.४ वर खरोखर बदलतो, पण तो ‘सुधारला’ असं नाही, बनवणाऱ्याने ठरवला होता त्यापासून थोडा हलला. काहींना तो आवडतोही, ते ठीकच आहे.

आवाजाचं आलंच आहे तर कानांचंही बघा. अमेरिकेच्या निऑश या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेचा नियम ८५ डीबीला दिवसाचे ८ तास, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे १०० डीबीला पंधराच मिनिटं. ४ व्होल्टचं भोक आणि सेन्सिटिव्ह आयईएम ही जोडी त्या आकड्याच्या पार पुढे जाते.

एक तांत्रिक फायदा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. दोन अँप उलटसुलट चालवले की सम क्रमाचं डिस्टॉर्शन (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीची भेसळ) वजाबाकीत बरंचसं उडतं. साध्या सर्किटमध्ये हे मोलाचं असतं. पण आजच्या चांगल्या अँपमध्ये डिस्टॉर्शन मुळातच इतकं खाली आहे की उडालं काय आणि राहिलं काय, कानाला पत्ता लागत नाही.

कनेक्टरांचा गोंधळ पटकन निपटू. मोठा ६.३५ चा जॅक, ज्याला आपल्याकडे दुकानात पी-३८ म्हणतात, तो टेलिफोन एक्सचेंजच्या काळापासूनचा आहे. हेडफोन बॅलन्स्ड चालवायची हवा अमेरिकेत मोंटानातल्या हेडरूम कंपनीच्या ब्लॉकहेड अँपपासून २००० च्या दशकात सुरू झाली, तेव्हा एक्सएलआर होते, अजूनही टेबलावरच्या अँपला चार पिनांचं एक्सएलआर असतं. खिशातल्या प्लेअरला ते भलतंच मोठं, म्हणून अ‍ॅस्टेल अँड कर्नने २०१४ च्या एके२४० सोबत २.५ चा चार संपर्कांचा जॅक चालवला. तो इतका नाजूक की मोडून तुकडा प्लेअरमध्ये अडकल्याच्या तक्रारी काही संपेनात. मग जपानच्या जेईआयटीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांच्या संस्थेच्या स्टँडर्डमधून ४.४ आला, ज्याला पेंटाकॉन म्हणतात, २०१६ ला सोनीने आपल्या डब्ल्यूएम१ए आणि डब्ल्यूएम१झेड वॉकमनमध्ये घातला आणि विषय संपला. ४.४ चा क्रम टोकाकडून मागे असा: डावा प्लस, डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस, आणि पाचवा ग्राउंड. निव्वळ कनेक्टर म्हणून ४.४ मला मनापासून आवडतो, जाड आहे, घट्ट बसतो, खरखरत नाही. आणि हो, फोनच्या हेडसेटच्या ३.५ वरही चार संपर्क असतात पण तिथे चौथा माइकचा, ते बॅलन्स्ड नाही.

आता अडॅप्टर. इथे सावकाश वाचा, पैसे जळायची जागा ही.

तुमच्याकडे ४.४ वाली केबल आहे आणि साध्या ३.५ च्या अँपला लावायची आहे, तर बिनधास्त लावा. अडॅप्टर तुमचे दोन मायनस एकत्र करून ग्राउंडला जोडतो, तिथे ग्राउंडच आहे, काही बिघडत नाही. फायदा नाही, तोटाही नाही.

याच्या उलटं, म्हणजे अँपचं ४.४ चं आउटपुट आणि त्यात अडॅप्टर घालून साधा ३.५ चा हेडफोन, हे करू नका. कारण तो ३.५ चा जॅक डाव्याचा मायनस आणि उजव्याचा मायनस एकत्र बांधणार, आणि त्या दोन्हींच्या मागे एकेक अँप बसलाय, कारच्या स्पीकरसारखाच. दोन अँपची आउटपुट एकमेकांना थेट शॉर्ट. यात फसवणारी गोष्ट अशी की बऱ्याचदा ते ‘चालतं’. गाण्यात जे दोन्हीकडे सारखं आहे तेवढ्यापुरते दोन्ही मायनस एकाच व्होल्टेजला असतात, करंट वाहत नाही, भांडण होत नाही. डावीकडे गिटार आणि उजवीकडे वेगळं काही सुरू झालं की दोघे एकमेकांना ओढायला लागतात, अँप तापतो, आवाज फाटतो, प्रोटेक्शन असेल तर बंद पडतो आणि नसेल तर चिप जाते. म्हणजे जुन्या मोनो गाण्यांवर हा अडॅप्टर तासभर सुखाने चालेल आणि तुम्ही म्हणाल उगाच घाबरवतात. काही शहाणे अडॅप्टर दोन्ही मायनस मोकळे सोडून ४.४ चा पाचवा ग्राउंड वापरतात, त्यात धोका नाही, पण तुमच्या डिव्हाइसने तो पाचवा संपर्क आतून जोडलेला हवा, आणि एवढं करून मिळतं काय तर सिंगल-एंडेडच. त्यापेक्षा शेजारचं ३.५ चं भोक वापरा की! बॅलन्स्ड आउटपुटमधून कारच्या ऑक्समध्ये किंवा पॉवर्ड स्पीकरमध्ये जाणं हेही याच कारणाने नको.

हेडफोन बॅलन्स्ड होऊ शकतो का हे कसं ओळखायचं? दोन्ही कपांना वेगवेगळी केबल जात असेल, एचडी ६५० सारखी, किंवा आयईएमसारखे दोन्ही बाजूला दोन पिना किंवा एमएमसीएक्स (छोटं गोल, दाबून बसणारं कनेक्टर) असेल, तर फक्त केबल बदलायची. पण ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स हेडफोनसारखी एकाच कपात तीन संपर्कांची केबल जात असेल तर दोन्ही मायनस हेडफोनच्या आतच एक झालेले असतात, बाहेरून कितीही भारी ४.४ ची केबल लावली तरी ते वेगळे होत नाहीत, आणि बॅलन्स्ड अँपला ती लावणं म्हणजे वरचाच शॉर्ट. आत वायरिंग बदलून घ्यावं लागतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला जॅक, वायर, सोल्डर सगळं मिळतं, पण त्यासाठी चांगला हेडफोन खोलायची मला तरी गरज वाटत नाही.

केबलच्या धातूवर एकच वाक्य: चांदीचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी, तेवढ्यासाठी तांब्याची तार केसभर जाड घेतली की काम झालं.

माझ्यापुरतं ठरलेलं असं. डाँगल घेताना दोन्ही भोकं असतील तर छान, हेडफोनला ४.४, आयईएमला ३.५. पण आधीपासून चांगला सिंगल-एंडेड अँप टेबलावर असेल आणि व्हॉल्यूम निम्म्याच्या आतच पुरत असेल, तर नुसत्या बॅलन्स्डसाठी तो विकून नवा घेण्यात काही अर्थ नाही, ते पैसे दुसऱ्या हेडफोनमध्ये घाला. हेडफोन बदलला की जो फरक पडतो त्याच्या जवळपासही हे सगळं जात नाही.

आणि हे सगळं कशाला ऐकायचं, स्वतः करून बघायचं असेल तर त्याला महाग काही लागत नाही. मॉड्युलर केबल घ्या, म्हणजे जिचं टोक फिरवून ३.५ चं ४.४ करता येतं, त्यामुळे तार तीच राहते. इअरफोन काढून ठेवा आणि फोनवर ६० हर्ट्झचा साइन टोन लावा. केबलच्या कानाकडच्या टोकाला डाव्या बाजूच्या ज्या दोन बारीक पिना आहेत त्यांना मल्टिमीटरचे प्रोब टेकवा, पिना एकमेकींना चिकटू देऊ नका. मीटर एसी व्होल्टवर. टोन ६० चाच घ्यायचा कारण साधे मीटर वीजेच्या फ्रिक्वेन्सीच्या आसपासच नीट मोजतात, १००० हर्ट्झला काहीही दाखवतात. आणि तो पिवळा डीटी-८३० इथे चालत नाही, त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची आहे, अर्धा व्होल्ट त्यात काय दिसणार, २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर हवा. ३.५ वर जो आकडा येईल तो लिहून ठेवा, टोक बदला, ४.४ वर व्हॉल्यूम खाली आणत तोच आकडा गाठा. फोनच्या पायऱ्या मोठ्या असल्याने कधीकधी तंतोतंत जुळत नाही, मग बारीक पायऱ्या देणारं प्लेअर अ‍ॅप वापरा. त्यानंतर इअरफोन लावा आणि टोक बदलायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या, कोणतं लावलंय हे तुम्हाला दिसता कामा नये. इम्पिडन्सने नाचणारा आयईएम सोडला तर मला असं जुळवल्यावर कोणतं भोक चालू आहे हे ओळखता येत नाही. तुम्हाला येत असेल तर उत्तम, फक्त टोक बदलणाऱ्याने दर वेळी व्हॉल्यूम दोन्हीकडचा नीट लावला होता ना हे एकदा विचारून घ्या, आणि ४.४ लावण्याआधी तो खाली आणायला विसरू नका म्हणावं.